चित्राखालची ओळ

आमच्या कंपनीत त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘टाचणी’. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा शिपाई चुकून समोरच ‘टाचणीबाई’ म्हणून गेला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “खिळा म्हणत नाहीत हे नशीब.”

आमची कंपनी शीतगृहांना लागणारी यंत्रं बनवते. यंत्राबरोबर ते सुरू कसं करायचं, बंद कसं करायचं, तेल कधी काढायचं हे सांगणारं एक पुस्तक द्यावं लागतं. ती पुस्तकं बाई तयार करतात. इंजिनियर कच्चा मजकूर देतात, फोटोवाला फोटो देतो, आणि त्या दोघांचा संसार लावून द्यायचं काम बाईंचं. मी त्याच मजल्यावर हिशेब बघतो. माझं टेबल त्यांच्या टेबलासमोर आहे, त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मला माझ्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त बघायला मिळाला असेल.

टाचणी हे नाव फार जुनं. बाई टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा फोटो छापखान्यात वेगळे जायचे आणि त्यांच्याखाली छापायच्या ओळी वेगळ्या, टंकलेल्या चिठ्ठ्यांवर. वाटेत सरमिसळ व्हायची. बाईंनी यावर एक शिस्त काढली. फोटो पालथा ठेवायचा, त्याच्या मागे चिठ्ठी ठेवायची आणि पांढऱ्या कडेला टाचणी मारायची. फोटो आधी, चिठ्ठी त्याच्या मागे. चिठ्ठीनं फोटोला धरून राहायचं. नवीन माणसाला त्या हेच शिकवत, “फोटो कुठे जात नाही हो. पळते ती चिठ्ठी. बांधायचं तिला.”

पुढे संगणक आले आणि टाचण्या डबीत पडून राहिल्या. पण बाईंच्या डोक्यातली टाचणी तिथेच होती. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

बाई स्वभावाने भित्र्या. घरून निघताना कुलूप ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं. मोठ्या साहेबांच्या केबिनमधून बोलावणं आलं की त्या तीनतीनदा पदर सारखा करत. यंत्रांची तर इतकी भीती, की खाली कारखान्यात जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला आहे, त्याच्या पलीकडे त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ज्या यंत्रांवर त्यांनी अख्खी पुस्तकं केली, ती त्यांनी फक्त फोटोत पाहिलेली. यजमान लवकर गेले. मुलीला त्यांनी एकटीने वाढवलं. एवढी भीती बाळगून एकटीनं मूल वाढवायचं म्हणजे काय, याचा मी कधी कधी विचार करतो.

त्यांना एकच दुःख होतं. त्यांची पुस्तकं कुणी वाचत नसे. एका प्रदर्शनात आमच्याच मांडवात, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली त्यांनी आपलं पुस्तक पाहिलं. दुसरीकडे एक मिस्त्री पान फाडून हात पुसत होता. “पुस्तक यंत्राबरोबर येतं,” त्या म्हणायच्या, “आणि खोक्याबरोबर जातं. मधे कुणी उघडत नाही.”

मग त्यांना वाचक मिळाला. तो म्हणजे त्यांचा जावई.

मुलीचं लग्न झालं तेव्हा जावयाला नीटशी नोकरी नव्हती. गावाबाहेरच्या एका शीतगृहात आमचंच यंत्र बसवलेलं. बाईंनी कधी नव्हे ते धीर करून तिथल्या मॅनेजरकडे फोनवरून शब्द टाकला आणि जावई यंत्रघरात लागला. हसरा, बडबड्या मुलगा. कामात अगदी नवखा, त्यामुळे तिथले जुने लोक त्याला काही सांगत नसत. तो सासूबाईंचं पुस्तक वाचून शिकला. कधी कार्यालयात डबा द्यायला यायचा आणि माझ्यासमोरच त्यांची फिरकी घ्यायचा.

“काका, आमच्या घरात दोनच पुस्तकं आहेत. एक सासूबाईंचं, आणि दुसरंही सासूबाईंचंच.”

“पुरे हो जावईबापू,” बाई म्हणायच्या, पण गाल फुललेले असायचे.

“खरं सांगतो. मिस्त्री म्हणतो, पुस्तक कशाला, मी आहे ना. मी म्हटलं, तू चुकशील. आमच्या आई चुकायच्या नाहीत.”

त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, “ऐकलंत? एकाने तरी वाचलं.” आणि लगेच त्यांचा चेहरा बदलला. “पण असं नको म्हणायला हो त्यांनी. चुकायच्या नाहीत म्हणे. मला धस्स होतं.”

यंदा पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. कंपनीचं बोधचिन्ह बदललं होतं आणि विक्रीसाहेबांना ते प्रत्येक पानाच्या डोक्यावर हवं होतं, तेही चांगलं ठसठशीत. बाईंनी ते घातलं आणि सगळी पानं खाली सरकली. चित्र एका पानावर, तर त्याची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसलेली. अशी कितीतरी पानं. छापखान्याचा माणूस खाली येऊन बसलेला आणि विक्रीसाहेब बाईंच्या खुर्चीमागे उभे.

“बाई, चित्रं आणि ओळी एकत्र ठेवायला काय लागतं? लहान पोरं करतात हो.”

बाईंनी चित्रं थोडी लहान केली. तरी एकदोन ओळी निसटलेल्या दिसल्या. संगणकावर काम करणारी नवी मुलगी पर्स खांद्याला लावून निघाली होती. ती दारातूनच म्हणाली, “मावशी, परिच्छेदाच्या खिडकीत ‘पुढच्यासोबत ठेवा’ अशी खूण आहे बघा. ती लावून टाका. मग कितीही हलवा, सुटणार नाहीत.”

बाईंनी खूण शोधली आणि लावली. चित्राखालच्या प्रत्येक ओळीला लावली. मग एकेक पान खाली सरकवत पडद्यावर पाहिलं. त्या शोधत होत्या एकटी पडलेली ओळ. एकही एकटी नव्हती. प्रत्येक पानावर एक ओळ, एक चित्र. नीटनेटकं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि फाइल छापखान्याला दिली.

पुस्तकं बांधून आली, गठ्ठे गिऱ्हाइकांना रवाना झाले. पहिली प्रत मात्र बाईंनी स्वतः मुलीच्या हाती जावयाला पाठवली होती.

त्यानंतरच्या आठवड्यातली ती सकाळ. चहा नुकताच आला होता. कार्यालयाच्या कपाटात ठेवायची प्रत बाई अंगठ्याने सरसर पानं सोडत चाळत होत्या. नवं पुस्तक हाती आलं की त्या असंच करत, पानांचा वारा तोंडावर घेत. मी खाली मान घालून बेरीज करत होतो. पानांची सरसर मधेच थांबली. ती पुन्हा सुरू होईल म्हणून मी वाट पाहत राहिलो, पण ती झाली नाही. मी वर पाहिलं. बाईंचा चेहरा कागदासारखा झाला होता.

“हे बघा हो,” त्या म्हणाल्या.

मी उठून गेलो. प्रकरण होतं यंत्राच्या टाकीतून तेल काढण्याचं. पानावर बादलीचं चित्र. साधी पत्र्याची बादली. आणि चित्राच्या वर ओळ: ‘हा तोंडावर घट्ट बसवा आणि पट्टा डोक्यामागे ओढून घ्या.’

मला हसू फुटलं. “बाई, बादली तोंडावर?”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी पान मागे उलटलं. मागच्या पानावर वायूपासून बचाव करणारा मुखवटा. त्याच्या वर प्रकरणाचं शीर्षक आणि खाली काहीच नाही. त्याची ओळ पुढच्या पानावर गेली होती आणि तिथे बादलीच्या डोक्यावर चढून बसली होती. बाईंनी पुढचं पान उलटलं. तळाशी असलेल्या लहान व्हॉल्व्हचं चित्र, त्याखाली बादली ठेवलेली. वर ओळ: ‘ही पाण्याने अर्धी भरून नळीखाली ठेवा.’ चित्रात बादली दिसतेच आहे, त्यामुळे कुणालाही बरोबरच वाटेल. मग पुढचं पान.

त्या पानावर मोठा व्हॉल्व्ह होता, वायूच्या वाटेवरचा. वर ओळ: ‘हा सावकाश, अर्धा फेरा उघडा.’

“ही ओळ लहान व्हॉल्व्हची,” बाई म्हणाल्या. “या मोठ्याला हातच लावायचा नसतो. हा उघडला तर सगळा वायू खोलीत येतो.”

“याची ओळ कुठे आहे?”

त्यांनी पान उलटलं. तेलाने भरलेली बादली. वर: ‘काम संपेपर्यंत याला हात लावू नका.’

आता मला हसू येत नव्हतं. सगळं प्रकरण असं एकेका घराने पुढे सरकलं होतं आणि प्रत्येक पान स्वच्छ, सुबक दिसत होतं. वर ओळ, खाली चित्र. ज्याला ठाऊक नाही की आमच्याकडे ओळ चित्राच्या खाली असते, त्याला यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

“मी ओळीला बांधलं,” बाई म्हणाल्या. “चित्राला बांधायचं होतं. ‘पुढच्यासोबत ठेवा’ म्हणजे आपल्या खालचं जे आहे त्याच्यासोबत. चित्राला सांगायचं होतं, की तुझ्या खालच्या ओळीला सोडू नकोस. मी ओळीला सांगितलं. ओळीच्या खाली कोण? दुसरंच चित्र. ती त्याला धरून बसली.” त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. “आज ते तेल काढणार आहेत.”

“कोण?”

“जावई. मिस्त्री रजेवर आहे. काल फोनवर म्हणाले, आई, उद्या पहिल्यांदाच एकटा करणार आहे. तुमचं पुस्तक समोर उघडून ठेवतो, काही काळजी करू नका.”

मी फोन उचलला. जावयाचा मोबाइल वाजत राहिला. यंत्रघरात आवाजापुढे काही ऐकू येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मग शीतगृहाच्या कचेरीत लावला. तिथे कुणी उचलेना. पुन्हा लावला. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या हातातल्या फोनकडे बघत होत्या. शेवटी मी फोन ठेवला आणि किल्ली घेतली.

“चला.”

बाई माझ्या स्कूटरवर याआधी कधी बसल्या नव्हत्या. त्यांना स्कूटरचीही भीती होती. त्या दिवशी त्या विचार न करता बसल्या, पुस्तक छातीशी धरून. रस्ता गर्दीचा नव्हता, पण प्रत्येक सिग्नल आम्हाला बघूनच लाल होतोय असं वाटत होतं. मागून एकसारखा आवाज येत होता. मला आधी वाटलं त्या काही पुटपुटताहेत. मग ध्यानात आलं, त्या ओळी म्हणत होत्या. हा तोंडावर घट्ट बसवा. ही पाण्याने अर्धी भरून. हा सावकाश, अर्धा फेरा. जणू म्हणत राहिलं तर त्या आपापल्या जागी परत जातील.

पुलाजवळ त्यांचा मोबाइल वाजला. मुलीचा फोन.

“हॅलो… हो, कामातच आहे… आवाज? रस्त्यावर आलेय जरा… नाही गं, काही नाही… वांगी? आण की वांगी. हो. आण.”

फोन ठेवला आणि त्या म्हणाल्या, “विचारत होती, वांगी आणू का म्हणून.” मग मागून पुन्हा त्या ओळी सुरू झाल्या.

शीतगृहाच्या फाटकाशी पोचलो आणि वास आला. नाकात सुई घुसावी तसा. अमोनियाचा, म्हणजे या यंत्रांतल्या वायूचा, वास मला माहीत आहे. अशा ठिकाणी तो थोडाफार असतोच. पण थोडाफार म्हणजे किती, हे मला कुठे माहीत होतं?

“नेहमी असाच येतो का हो?” बाईंनी विचारलं.

“येतो थोडा.”

“एवढा?”

पहारेकऱ्याने वही पुढे केली. “नाव लिहा, काम लिहा, वेळ लिहा.”

“आत काही झालंय का?”

“मला काय ठाऊक साहेब, मी फाटकावर. तिकडे पळापळ चाललीय मघापासून. तुम्ही आधी नाव लिहा.”

बाई वही ओलांडून चालू लागल्या. पहारेकरी “ओ मावशी, ओ मावशी” करत मागे धावला. मी दोघांच्या मागे.

आवारात माणसं बाहेर येऊन उभी होती, कुणाच्या तोंडाला ओला रुमाल, कुणी खोकत. यंत्रघराची दोन्ही दारं सताड उघडी होती आणि आत मोठे पंखे घरघरत होते. बाहेर कुणीतरी दोरी बांधून वाट अडवली होती. बाई दोरीखाली वाकल्या आणि आत शिरल्या. ज्यांनी कारखान्यातला पिवळा पट्टा कधी ओलांडला नव्हता, त्या आत शिरल्या. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो आणि डोळ्यांतून पाणी आल्यामुळे थांबलो. आत कुणी नव्हतं. फक्त एका खांबाला पुस्तक टांगलेलं होतं, उघडं, चिमट्याने अडकवून. त्याचं पान पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होतं.

बाई मोठ्या व्हॉल्व्हसमोर उभ्या होत्या. तो त्यांनी पहिल्यांदाच खरा पाहिला असेल. त्याच्या तळाशी पांढरं हिम गोठून आलं होतं.

“बाई, बाहेर या!”

त्या आल्या, खोकत, आणि येताना खांबावरचं पुस्तक चिमट्यासकट ओढून घेऊन आल्या.

जावई कचेरीच्या मागच्या नळाखाली बसला होता. कुणीतरी त्याचा डावा हात पाण्याखाली धरला होता. डोळे लालभडक, केस ओले, मुखवटा गळ्यात लोंबकळत होता. दोन बोटं पांढरी पडली होती, मेणबत्तीसारखी. पण तो बसला होता, श्वास घेत होता आणि सासूबाईंना बघून उठायला लागला.

बाई तिथेच चिखलात टेकल्या.

“आई, काही नाही झालं. हाताला थोडं लागलंय. व्हॉल्व्ह परत बंद करताना गार वायू उडाला. बघा, बोटं हलतात.” त्यातलं एक बोट हलत नव्हतं. “अहो रडता काय? मुखवटा घातला होता मी. तुमच्यामुळेच. बादलीवर लिहिलंय, तोंडावर घट्ट बसवा. मी एकटाच हसत बसलो आणि म्हटलं, आईंची चित्रं अदलाबदल झालेली दिसताहेत, हे मुखवट्याचं असणार. मग आठवण झाली नि घातला. नाहीतर एवढ्याशा कामाला कोण घालतंय?”

“आणि पुढच्या पानाचं?” बाईंनी विचारलं. “पुढचं नाही कळलं?”

“ते बरोबरच दिसत होतं. वाटलं, नव्या पुस्तकात ओळी वर घेतल्यात,” तो म्हणाला. मग पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “एकच चूक असेल असं वाटलं मला.”

एवढ्यात मॅनेजर आला. हातात ओला रुमाल, आवाज बसलेला. आम्हाला त्याने पाहिलंच नाही.

“मूर्खा, वाचता येत नाही का तुला? आज माझी माणसं मेली असती! कुणी सांगितलं होतं तो व्हॉल्व्ह उघडायला?”

“चुकलं साहेब,” जावई म्हणाला. “घाईत भलत्याच व्हॉल्व्हला हात गेला.”

“घाईत! उद्यापासून येऊ नकोस. हात बरा कर आणि घरी बस.”

“हो साहेब.”

बाईंनी तोंड उघडलं, तसा जावयाने ओल्या हाताने त्यांचा पदर धरला आणि अगदी हळू म्हणाला, “आई, गप्प बसा. माझं काय, मी कुठेही लागेन. तुमची थोडी वर्षं राहिलीत. निवृत्तीच्या तोंडावर नोकरी घालवाल.”

मी बाईंना इतकी वर्षं ओळखतो. साहेबांची घंटा वाजली तरी त्या दचकतात. मला वाटलं, त्या गप्प बसतील. मला हेही वाटलं, की बसल्या तर मी त्यांना दोष देणार नाही. पुस्तक पडायला आलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “त्यांना वाचता येतं. वाचलं म्हणूनच हे झालं.”

“तुम्ही कोण?”

“हे पुस्तक मी केलंय. ओळी एकेक चित्र पुढे सरकल्यात. हे बघा. या चित्रावरची ओळ याच्या आधीच्या…” त्यांनी पान उलटून दाखवलं, मागचं, पुढचं. मॅनेजर वाकून बघत होता. “यांचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मी चित्राला बांधायच्या ऐवजी ओळीला बांधलं.”

मॅनेजरला बांधण्याचं काही कळलं नाही, पण मोठा व्हॉल्व्ह आणि त्याच्यावरची ओळ त्याला दिसली. त्याने ते पान पुन्हा मागेपुढे उलटून पाहिलं.

“आई,” जावई कळवळून म्हणाला, “कशाला बोललात?”

“अहो, बाकीच्या प्रती गेल्यात ना,” बाई म्हणाल्या. “तिथेही कुणाचा तरी जावई असेल.”

मग त्यांनी मॅनेजरकडे कचेरीतला फोन मागितला.

गिऱ्हाइकांचे नंबर माझ्याकडे होते, वसुलीच्या निमित्ताने रोजचंच बोलणं. मी नंबर लावून देत होतो आणि बाई उभ्यानेच बोलत होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. प्रत्येकाला तेच. “मी कंपनीतून बोलतेय. नवं पुस्तक उघडू नका. तेलाचं प्रकरण चुकलंय. माझ्याकडून चुकलंय.” एक म्हणाला, बघतो. दुसरा रागावला. तिसऱ्याने “कुठलं पुस्तक?” असं विचारून दोनदा नाव सांगायला लावलं. मधे जावयाला दवाखान्यात घेऊन गाडी गेली. बाईंनी खिडकीतून पाहिलं, पण रिसीव्हर ठेवला नाही.

एकच गिऱ्हाईक उरलं, डोंगराकडचं, सगळ्यात लांबचं. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. आम्ही पुन्हा लावला. सकाळी इथेही असाच वाजत होता, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं असणार. बाईंनी डोळे मिटून घेतले. मी पुन्हा लावला. पुन्हा. मॅनेजरलाही ती घंटा ऐकू येत होती.

शेवटी कुणीतरी उचललं. म्हातारा आवाज, कानावर हात ठेवून ओरडल्यासारखा.

“कोण? कंपनी? हां, बोला.”

“नवं पुस्तक आलंय ना तुमच्याकडे? तेल काढायला ते घेतलंत का? खरं सांगा. काढलं का तेल?”

“पुस्तक?” पलीकडचा माणूस हसायला लागला, इतका मोठ्याने की मलाही ऐकू आलं. “अहो बाई, ते आलं तसं पिशवीतच आहे. मी त्यावर डबा ठेवतो. पुस्तक वाचून कोण तेल काढतंय? माझी उमर गेली इथे!”

बाईंनी रिसीव्हर कानाशी तसाच धरला. आयुष्यभर ज्याचं दुःख केलं तेच त्यांना आता कुणीतरी हसत हसत सांगत होतं. “फार बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “फार बरं केलंत हो दादा. मुळीच उघडू नका.” मग त्या खुर्चीत बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. जावयाची नोकरी राहिली. बाईंकडून खुलासा लिहून घेतला गेला, एक पगारवाढ थांबली. विक्रीसाहेब म्हणाले, मी तर बोधचिन्ह फक्त मोठं करायला सांगितलं होतं, आणि तसं पाहिलं तर ते खरंच होतं. नव्या मुलीला कुणी काही बोललं नाही. बाईंनीच बोलू दिलं नाही. जावयाचं एक बोट अजून पुरतं वळत नाही. गार दिवसांत ते दुखतं, पण तो तसं सांगत नाही. हे मला बाईंनी सांगितलं.

आता आमच्याकडे पुस्तक छापायला जाण्याआधी एक काम वाढलं आहे. त्याचा उल्लेख कुठल्या नियमात नाही. बाई कच्ची प्रत घेऊन शीतगृहात जातात. यंत्रघरात त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात, चेहरा पांढरा, नाकाला रुमाल, यंत्राने जरा आवाज बदलला तरी दचकून दाराकडे बघतात. जावई एकेक पान उघडतो आणि चित्रात जे आहे त्याच्यावर आधी हात ठेवतो. मगच त्याने खालची ओळ मोठ्याने वाचायची.

गेल्या वेळी मी सोबत होतो. मोठ्या व्हॉल्व्हचं पान आलं. जावयाने हात पुढे केला आणि तो वरच्या वर थांबला.

“आई, इथे लिहिलंय याला हात लावू नका. मग हात ठेवू की नको?”

“नका ठेवू,” बाई भिंतीपाशीच उभ्या राहून म्हणाल्या. “नुसतं बोट दाखवा.”

त्याने ते न वळणारं बोट दाखवलं. बाईंनी पानावर खूण केली, पुस्तक मिटलं, आणि बाहेर येईपर्यंत माझी बाही सोडली नाही.